पायाळूची कंबर

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, डोकं मागाहून. आमच्या भागात, चिटगुप्प्यापासून पार निंबर्ग्यापर्यंत, कुणाच्या पाठीत उसण भरली की माणसं पायाळूचं घर विचारत येतात. पायाळूने डाव्या पायाची टाच तीन वेळा पाठीला लावली की उसण निघते, असं सगळे मानतात. मला परकर सावरता येत नव्हता तेव्हापासून आजोबांच्या वयाची माणसं माझ्यापुढे पाठ करून उभी राहायची आणि आई मला काखेत धरून माझा पाय त्यांच्या पाठीला टेकवायची. त्याचे नियम होते. वार बुधवार नाहीतर रविवार. वेळ सकाळची, चूळ भरायच्या आधी. दुखणाईत उंबऱ्याबाहेर पाठमोरा, पायाळू उंबऱ्याच्या आत उभी. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि आलेल्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर ती उसण पायाळूच्याच पाठीत येऊन बसते म्हणे.

मी जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. तरी ती माझ्याच पाठीत येऊन बसली.

तिसऱ्या बाळंतपणानंतर महिनाभरातच विहिरीवरून भरली घागर आणली, ती उतरवताना कंबरेत काहीतरी कटकन झालं. तेव्हा पंधरा दिवसांत बरं वाटलं, म्हणून विसरून गेले. ती मात्र मला विसरली नाही. वर्षातून दोनदा-तीनदा यायची. पन्नाशी उलटली आणि मग तिला काळवेळ राहिला नाही. शिंक आली की यायची. काठवटीतलं पीठ मळताना यायची. एकदा तर नुसती केरसुणी उचलायला वाकले आणि तशीच वाकडी राहिले, अंगणात, अर्धा केर पुढे आणि अर्धा मागे. शेजारची म्हणाली, काय हुडकायलाव? काय सांगणार तिला.

आणि ही कंबर दिसत नाही, हेच मोठं दुखणं. हात मोडला तर चार माणसांना दिसतो. ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. कंबर दुखते म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात, मग चुलीकडे बघतात, मग सुनेकडे. एकदा थोरली सून परसात जावेला म्हणत होती, "पाव्हणे आले की आत्याबाईची कंबर बराबर धरती बघ." मी आत पडून ऐकत होते. उठून जाब विचारावा तर उठता येत नव्हतं. म्हणजे तिचं बोलणं खोटं असल्याचा पुरावा माझ्यापाशी होता, पण तो दाखवायला जाता येत नव्हतं.

उपाय सांगणारे तर विचारू नका. निर्गुडीचा पाला बांधला. रुईची पानं तव्यावर गरम करून लावली. वीट शेकली, वाळूची पुरचुंडी शेकली. एरंडेल इतकं प्याले की त्याचा वास आला तरी पोटात ढवळायचं. आमचे हे तूर घेऊन गुलबर्ग्याला जायचे, तिथल्या एका हकिमाकडून त्यांनी तांबड्या तेलाची बाटली आणली. बरोबर निरोप होता की बाईंना दोन महिने आराम पाहिजे. मी यांना म्हटलं, "हकीमसायबाला इचारलाव का, भाकरी कोण थापणार दोन महिने? ते येतेत का?" यांनी बाटली कोनाड्यात ठेवली आणि बैलाला पाणी दाखवायला गेले.

आणि सगळ्यांचं एक बोलणं ठरलेलं. दुसऱ्याच्या पाठीला पाय लावती, आन् आपल्या पाठीचं काय? हसून म्हणायचे. आता स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लागतो का कुणाचा? आसपास दुसरं पायाळू माणूस नव्हतं. एक म्हातारा होता तिकडे लांब, पण बैलगाडीतून त्याच्याकडे जायचं म्हणजे जाईपर्यंत उरलीसुरली कंबरही रस्त्यात सांडायची.

निजामाच्या अमलातल्या शेवटल्या वर्षांतली गोष्ट सांगते. माझी धाकटी लेक दोनदा बसून उठली होती. म्हणजे दोनदा दिवस गेले आणि दोनदा काही उरलं नाही. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात ती माहेरी आली, आणि आल्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाली, "माय, बाळाला न्हाऊ तूच घालायचं. मी दुसऱ्या कुणाच्या पायावर देणार न्हाई."

आमच्याकडे लेकराचं न्हाणं असं की बाईने न्हाणीत पाटावर बसायचं, पाय पुढे लांब करायचे, आणि पायांच्या नळ्यांवर बाळाला पालथं-उताणं करत तेल चोळून ऊन पाणी घालायचं. पहिले अकरा दिवस सुईण घालते. बाराव्या दिवसापासून, बारशाच्या सकाळी, आजीच्या पायावर. दोन्ही सुनांची सगळी लेकरं माझ्या पायावर न्हाली होती. आणि आता ही धाकटी, जिच्यासाठी मी दोनदा रडले होते, ती मागत होती. मी म्हटलं, घालते की. म्हणताना कंबरेत एक चमक गेली, पण तोंडावर दाखवली नाही.

मग मी काय कंबर जपली म्हणता. नव्या नवरीलाही कुणी इतकं जपणार नाही. उठताना आधी कुशीवर वळायचं, हात टेकायचा, मग पाय खाली. पाण्याची घागर तिवईवर ठेवायला लावली, म्हणजे वाकायला नको. केरसुणीला जोंधळ्याचा वाळका धांडा बांधून लांब केली. सुना हसल्या. हसू देत. शिंक आली तर भिंत धरून शिंकायची. दोन महिने ती उसण आली नाही. लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. सुईण त्याला न्हाऊ घालायची तेव्हा मी शेजारी बसून मनात दिवस मोजायची.

दहाव्या दिवशी बुधवार होता.

पहाटेच दारात खोकल्याचा आवाज आला. बघते तर शेजारच्या गावचा एक गाडीवान, पुरता काटकोनात वाकलेला, आणि त्याला धरून त्याची म्हातारी आई. तुरीची पोती चढवताना उसण भरली होती. दोन कोस तसाच चालत आला होता.

थोरली सून मध्ये आली. "आत्याबाई, परवा बारसं हाय. पाय उचलायचा न्हाई. रविवारी या म्हणा त्यान्ला."

म्हातारी म्हणाली, "रविवारपतोर ह्यो असाच ऱ्हातोय का, बाई? बैलं दावणीला उपाशी हायती." मग माझ्याकडे बघून, "अक्का, तुमी कधी न्हाई म्हणला न्हाव म्हणून आलाव."

इथेच माझी चूक झाली. मी म्हणायला हवं होतं, बाई, मीच दुखणाईत आहे. पण ती उसण परतून माझ्या पाठीत येईल ही भीती, बारसं दोन दिवसांवर, आणि त्यात हेही खरं की मी कधी नाही म्हणत नाही, हे म्हातारीच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं होतं. चौकट धरून उभी राहिले. डावा पाय उचलला. एक लावला. दुसरा लावला. तिसऱ्याला टाच त्याच्या पाठीला टेकली आणि माझ्या कंबरेतून खाली पायापर्यंत कुणी तापली सळई ओढावी तसं झालं. मी उंबऱ्यातच बसले. बसले कसली, कोसळले.

गाडीवान हळूहळू सरळ झाला. इकडे वळला, तिकडे वळला. "बरं वाटायलंय की," म्हणाला. आणि मग मी खाली का बसले ते बघून, "अक्का, तुमाला काय झालं?"

सून म्हणाली, "काय न्हाई. तुमची उसण उतरवून घेतल्या."

तो खरंच चालत गेला. ताठ. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले आणि मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्याचा नाही. त्याच्या पाठीचा.

अकराव्या दिवशी सगळे बारशाच्या तयारीत असताना मी भिंतीच्या आधाराने न्हाणीपर्यंत गेले. बाळाएवढी जोंधळ्याची पिशवी बरोबर घेतली. पाटावर बसून पाय लांब करून बघायचे होते. बसले कशीबशी. पाय पुढे केले, पिशवी पायांवर ठेवली, आणि तिच्यापर्यंत हात न्यायला वाकले. हात गुडघ्यापर्यंतच पोचले. पुढे कंबर सोडेना. तशीच बसून राहिले, पिशवी पायावर आणि हात गुडघ्यावर. उठवायला शेवटी लेकच आली. ओली बाळंतीण, तिने मला उठवायचं. पिशवीकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"ऱ्हाऊ दे माय," म्हणाली. "सुईणच घालील."

"बाराव्याला सुईण न्हाई घालत."

"मग न्हाई न्हाणार एक दिवस. काय होतंय?"

बारशाला तिची सासू, आमच्या विहीणबाई, आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला. "कामून एवढा इचार करायलाव? मी बी आजीच हाय की त्याची." खोटं काय होतं त्यात. पण लेकीने बाळाला छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मीच म्हटलं, दे. हे एवढं अक्षर तोंडातून काढायला मला त्या सकाळी कंबर उचलण्यापेक्षा जास्त जोर लागला.

माझी बाज न्हाणीच्या दाराशी आणून ठेवली. विहीणबाईंचे पाय आखूड, बाळ एका बाजूला कलंडत होतं. मी म्हटलं, "ईनबाई, पाणी ऊन हाय."

"हात घालून बघितलाव मी."

"हात न्हाई, कोपर घालून बघायचं."

"दोन कोपरं घातलाव. तुमी निजा जरा."

बायका हसल्या. मी पण हसले, कारण बायका हसत होत्या. बाळ मात्र रडलं नाही, तेवढंही त्याने माझ्यासाठी केलं नाही.

पुढे वीस दिवस मी पडून होते. विहीणबाई गेल्या, मग रोज थोरली सून न्हाऊ घालायची. एक दिवस पडल्या पडल्या मी न्हाणीकडे बघत होते आणि मनात आलं, पाटावर बसायला सांगितलंय कुणी? सुनेला म्हटलं, मोडकं उखळ पालथं घालून भिंतीला लाव. त्याच्यासमोर दोन पाट एकावर एक ठेव. उखळावर बसले, पाठ भिंतीला टेकली, पाय पाटांवर. वाकायला लागलं नाही, कारण बाळालाच गुडघ्यांच्या वर, जवळ घेतलं. तेल मी चोळायचं, पाणी सुनेने घालायचं.

"तख्तावर बसल्यावानी दिसायलाव," सून म्हणाली.

"दिसू दे. पाणी घाल."

लेक दारात उभी राहून बघत होती. बाळाने माझ्या मांडीवर मुतून घेतलं.

बरोबर तेव्हाच बाहेरून हाक आली. रविवार होता, माझ्या ध्यानात नव्हतं. कुणी एक सावकार, कंबरेला धोतर घट्ट आवळून, दारात पाठ करून तयारच उभा. अर्ध्या न्हाण्यातून उठायचं कसं? मी तिथूनच सांगितलं, "मी उभी ऱ्हाणार न्हाई. इथं आत या, खाली बसा, मी बसल्या जागेवरून पाय लावते."

तो म्हणाला, "बसून चालतंय का? उंबऱ्यात उभंच ऱ्हावं लागतं म्हणतेत."

"चालत न्हाई तर जावा."

हे मी बोलले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. बोलून झाल्यावर क्षणभर वाट बघितली, की आता पाठीत काही येऊन बसतं का. पाठीत होतं तेच होतं. तो कुरकुरत आत आला आणि माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसला. बाळ सुनेच्या हातात दिलं, आणि ओल्या पायाची टाच तीनदा त्याच्या पाठीला लावली. त्याच्या सदऱ्यावर पाण्याचे तीन डाग उठले.

त्यालाही बरं वाटलं. हात जोडून ताठ निघून गेला. आणि मला त्या उखळावरून उठवायला दोन बायका लागल्या, एक काखेत धरायला आणि एक पाय खाली घ्यायला.