साडूंचा सर्वांत लांब अर्ज

आमच्या थोरल्या साडूंइतके अर्ज लिहिणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. बजाजनगरच्या दोन खोल्यांत राहून त्यांनी जगाशी कायम लेखी व्यवहार ठेवला. दूधवाल्याला ‘महोदय’, टँकरवाल्याला ‘विनंती विशेष’ आणि एकदा वरणात मीठ जास्त पडलं तेव्हा बायकोलाही ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. कार्यवाही म्हणून दोन दिवस वरणच मिळालं नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. एके दुपारी शेजारच्या प्रेसमध्ये पिशोरच्या एका कामगाराचा हात सापडला. साडूंनी मशीन बंद केलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याला मांडीवर धरून बसले. त्याला हाताची भरपाई मिळाली. साडूंना खरचटलंही नव्हतं, पण त्यानंतर प्रेससमोर उभं राहिलं की त्यांच्याकडून बटणच दाबलं जायचं नाही. घरात कुकरची शिट्टी झाली की हे जिन्यात, आणि रात्र रात्र जागे. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आजार लिहून दिला. कंपनीनं ‘घरगुती टेन्शन’ म्हणत घरी बसवलं.

मग साडूंनी आयुष्यातला सर्वांत लांब अर्ज लिहिला: कामावर मनाला झालेल्या दुखापतीची भरपाई मिळावी. नातेवाईक हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. “डोक्याची कुठं भरपाई असती व्हय?” मी म्हणालो.

“पाव्हणं, डोकं काय घरी ठेवून कामाला जात होतो का मी?”

कामगार न्यायालयात कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “जखम कुठं आहे? दाखवा.”

साडू शांतपणे म्हणाले, “साहेब, दिसली असती तर लई सोपं झालं असतं. मलम लावून दुसऱ्या दिवशी कामावर आलो असतो.”

कोर्टात कुणी हसलं नाही.

दीड वर्षानं निकाल लागला. दुखापत कामामुळंच झाली, हे कोर्टानं मान्य केलं. रक्कम मागितली त्याहून कमी होती. तिकडं साडूंनी पाहिलंही नाही. त्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “बघा, नाटक नव्हतो करत मी.”

मी निकालाचा कागद नीट घडी घालून त्यांच्या खिशात ठेवला.

परतीच्या बसमध्ये ते गारखेड्यात रोपांचं दुकान टाकायचं म्हणत होते. मोगरा ठेवू, जास्वंद ठेवू, असं बोलता बोलता त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली आणि ते गाढ झोपले. बजाजनगरचा थांबा आला. मी त्यांना उठवलं नाही. कंडक्टरकडून पुढची दोन तिकिटं घेतली.