वहीत नसलेली पाहुणी: बेळगाव ते निपाणी

"चिठ्ठी दिलीस ना? मग तुझं काम संपलं," असं माझा डॉक्टर मित्र म्हणाला आणि सोमवारी सकाळी दवाखान्याला कुलूप लावून मी निपाणीची बस पकडली. संपलं म्हणे!

बेळगावातल्या वडगावात माझा छोटा दवाखाना आहे. सुशीलाआक्का त्याच गल्लीत हातमागावर साड्या विणतात. त्यांना मधुमेह, त्यात उजव्या पायाच्या करंगळीला जखम. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला त्या निपाणीला निघाल्या तेव्हा 'सरकारी दवाखान्यात रोज ड्रेसिंग करणे' अशी चिठ्ठी मी हातात दिली. पंधरा दिवस झाले, फोन नाही. पाय गेला तर मागाची पावडी दाबायची कशानं?

जाणार असाल तर साधी लाल बस घ्या. कर्नाटकातल्या बायकांना आधार कार्डावर तिकीट फुकट. दोन तास धरा आणि सकाळी डावीकडची खिडकी पकडा, ऊन लागत नाही. संकेश्वरला चहा आणि मिरची भजी खाल्ली. भजी झणझणीत, चहा नुसता गोड. पुढे उसाचे ट्रॅक्टर आडवे आले की घाई विसरायची.

निपाणीत आक्का लेकीच्या घरी पदराखाली पाय झाकून बसल्या होत्या. फडकं सोडलं तर करंगळी काळी पडलेली.

"दवाखान्यात का नाही गेलात?"

"कोण नेणार, बाई? आशा आलती की दोनदा. तिनं मला इचारलं न्हाय. लेकीच्या सासरी आपलं दुखणं कसं सांगायचं?"

चिठ्ठी पिशवीत घडी घालून तशीच होती.

घरोघर फिरणारी ती आशा कार्यकर्ती, कविता, पुढच्या गल्लीत सापडली. मी जरा आवाज चढवूनच बोलले. तिनं वही उघडून माझ्यापुढं धरली.

"बाळंतीण हाय, बाळ हाय. पाहुणीचं नाव तुमच्या वडगावच्या वहीत. तुमच्या चिठ्ठीत माझं नाव हुतं काय? फोन तरी केलता काय?"

नव्हता केला. मला माझीच लाज वाटली.

तिनं शेवटच्या पानावर आक्कांचं नाव लिहिलं. वरून कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, मी म्हटलं.

"कशाला? माझ्या गल्लीत हाय म्हंजे माझीच हाय," म्हणत तिनं रिक्षा थांबवली. त्या दिवसापासून ती आक्कांना रोज ड्रेसिंगला नेत राहिली.

आता माझ्या चिठ्ठीवर पेशंट जाईल तिकडच्या आशाचं नाव असतं. पेशंटसमोरच तिला फोन लावते आणि ती "व्हय" म्हणेपर्यंत पेशंटला उठू देत नाही. मित्र विचारतो, डॉक्टर आहेस की टेलिफोन ऑपरेटर? दोन्ही आहे, काय म्हणणं आहे?

परवा आक्का माझ्या दवाखान्यात चालत आल्या आणि स्टुलावर पाय ठेवला. चार बोटं.

"पावडीला अंगठा लागतोय बाई, करंगळी न्हाय," म्हणून त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. ती करंगळी माझ्या चिठ्ठीनं गेली.