सव्वीस मीटर केबल आणि काजळाची तीट

या सदरातले अनुभव मी आजवर एकाच हेतूने वाचत आले — त्यांतली चूक शोधण्यासाठी. वारा, अपुरी झोप, अर्धवट आठवण... काहीतरी सापडायचंच. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या माणसाने दृष्ट वगैरे गोष्टी मानाव्यात, हे मला हास्यास्पद वाटे. आता माझाच अनुभव तुमच्यापुढे ठेवते आहे. यातली चूक शोधा. मला ती सापडलेली नाही.

मी जबलपूरला विजय नगरमधल्या एका खासगी कंपनीत नेटवर्कचं काम पाहते. कार्यालय चार मजली, सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी मजल्यांमधली जोडणी दहापट वेगवान करायचं ठरलं आणि मी फायबर, म्हणजे काचतंतूची नवी केबल, टाकण्याचा चाळीस पानी प्रस्ताव दिला. ज्याचा प्रस्ताव मंजूर होईल तो टीम लीड, असं आमच्या विभागाचे प्रमुख ठाकूर सर यांनी आधीच जाहीर केलं होतं. ती जागा मलाच मिळणार, हे मी घरी सांगूनही टाकलं होतं.

मग आमच्याच टीममधली सोनल उठली. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, शिक्षण डिप्लोमा, वडील आयुध कारखान्यातले निवृत्त फिटर. तिचा प्रस्ताव दीड पानाचा.

"सर, छत क्यों तोड़ना? दीवार में केबल अच्छी है. कॉपर ट्रान्सीव्हर लगा देते हैं, वही केबल दस गिगाबिट पर चलेगी."

कॉपर ट्रान्सीव्हर म्हणजे बोटाएवढा धातूचा तुकडा. नेटवर्कच्या केबली ज्या पेटीत एकत्र येतात त्या स्विचमध्ये जिथे एरवी फायबर जोडतात, त्या खाचेत हा बसवला की तांब्याची साधी केबल लावता येते. त्याचे दोष दोन — तो फार तापतो, आणि तीस मीटरच्या पुढे त्याचा भरवसा नसतो. दोन्ही दोष मी सभेत ठासून मांडले. सोनलने त्याच दुपारी केबल मोजली. सव्वीस मीटर! तापू नये म्हणून प्रत्येक ट्रान्सीव्हरशेजारची खाच तिने रिकामी सोडली. ठाकूर सर हसत म्हणाले, "लड़की ने डेढ़ पन्ने में निपटा दिया."

पंधरा दिवस चाचणी, शेवटी तपासणी. तपासणीत लिंक स्थिर दिसली तर सोनल लीड, नाहीतर माझं फायबर.

मला तिचा हेवा वाटत होता. हे लिहिणं सोपं नाही, पण निरीक्षण नोंदवताना निरीक्षकाची अवस्थाही नोंदवावी लागते. ती काम करताना गुणगुणे. डब्यातली भाजी न विचारता माझ्या पोळीवर वाढे. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, आणि मला सर्वांत जास्त डाचत होतं ते हेच.

तिसऱ्या दिवशी लिंक पडली. चार सेकंद, मग पूर्ववत. आठवडाभरात असं अकरा वेळा झालं. मला आनंद झाला. ठाकूर सरांपुढे पुरावा ठेवायचा म्हणून मी तक्ता केला — वेळ, तापमान, एसी, लिफ्ट, नेटवर्कवरचा भार. कशाशीच मेळ बसेना. शेवटी दाराच्या कार्ड-मशीनच्या नोंदी काढून आणखी एक रकाना जोडला : त्या वेळी खोलीत कोण होतं.

अकराही वेळा मी होते.

योगायोग, म्हणून मी रीतसर प्रयोग केले. फोन बाहेर ठेवला. चपला काढल्या. सिंथेटिक ओढणी टाळली. इलेक्ट्रिशियनला आत पाठवलं, गार्डला पाठवलं, खुद्द सोनलला पाठवलं — काही नाही. मग मी एकटी स्विचसमोर डोळे मिटून दहा मिनिटं उभी राहिले. नोंद शून्य. डोळे उघडले आणि सोनलच्या ट्रान्सीव्हरजवळच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं... दिवा विझला. चार सेकंद. तीनदा केलं, तीनदा तेच. शेजारी माझी फायबरची चाचणी-लिंक होती. तिच्याकडे कितीही पाहिलं तरी काही होत नव्हतं.

कुणाला सांगितलं नाही. आणि — हेही लिहायलाच हवं — त्यानंतर मी आणखी दोनदा आत गेले. ते प्रयोग नव्हते.

तपासणीच्या सकाळी सोनलचे डोळे सुजलेले होते.

"दीदी, काहून पडून राहिली लिंक, समजूनच नाही राहिलं. केबलची टोकं नवीन लावली, ट्रान्सीव्हर बदलले. आई म्हणते, नजर लागली."

"स्विचला?" मी विचारलं.

"हो न! पप्पा खंडेनवमीला कारखान्यात आपल्या लेथला तीट लावत. म्हणत, चांगल्या चालणाऱ्या मशिनीकडे पण लोकं बघतात." तिने पर्समधून आईने दिलेली काजळाची डबी काढली आणि करंगळीने स्विचच्या कोपऱ्यावर ठिपका टेकवला. "हस दीदी, हस. तू तर हसशीलच. पण सोबत राहा हं, मला लय भीती वाटून राहिली."

अकरा वाजता ठाकूर सर आले. मी सोनलच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मान खाली घालणं माझ्या हातात होतं. मी घातली नाही. त्या हिरव्या दिव्याकडे मी मन लावून पाहिलं, माझ्या चाळीस पानांसकट पाहिलं.

दिवा हलला नाही. अर्धा तास मी पापणीही लवू न देण्याचा प्रयत्न केला. नोंद शून्य.

"बढ़िया," सर म्हणाले. सोनलने मला मिठी मारली. "तू होती म्हणून, दीदी!"

त्यानंतर दोन महिने एकही नोंद नाही. मी रोज आत जात होते, रोज पाहत होते. दोष आपोआप दूर झाला, असं मी स्वतःला पटवत आणलं होतं. मग सोनल प्रशिक्षणासाठी आठवडाभर पुण्याला गेली आणि स्विच माझ्यावर सोपवून गेली. सोमवारी आत गेले तर सफाईवाल्या बाईंनी स्विच ओल्या फडक्याने लख्ख पुसलेला. कोपरा कोरा.

मी एकदाच पाहिलं. चार सेकंद.

सोनलच्या गैरहजेरीत तिची लिंक रोज पडली असती, तर पुढच्या सोमवारच्या सभेत फायबरचा विषय पुन्हा निघाला असता. प्रस्ताव माझ्या ड्रॉवरमध्ये तयार होता. दुपारी स्कूटर काढून मी नेपियर टाउनला घरी गेले.

"आई, काजळ आहे का ग?"

"काहून? कोणाला बाळ झालं?"

"नाही... ऑफिसात हवंय."

आईने देव्हाऱ्याखालची डबी काढून दिली.

परत येऊन, दिव्याकडे नजर जाऊ न देता, मी तीट लावली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं — हिरवाच.

तांब्याच्या तारेतला संकेत बाहेरच्या कशाने बिघडू शकतो, याची यादी मला पाठ आहे. तीत माणसाची नजर नाही आणि काजळही नाही. तक्ता अजून माझ्याकडे आहे. शेवटचा रकाना मी पुसलेला नाही. सोनलबद्दलचा हेवा गेला असेल, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. परवा तिला लीडची नवी खुर्ची आली... मी अभिनंदन केलं, आणि तिचं लक्ष नसताना खुर्चीच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, करंगळीने एक ठिपका लावला.