पागेतली फरशी

पागावालीचा राग सगळ्या गावाला ठाऊक होता. वेशीला लागून तिची पागा होती. येणारे-जाणारे गाडीवान आपले घोडे तिथे बांधायचे, चारापाणी करायचे आणि स्वतः माडीवर अंग टाकायचे. एखाद्यानं घोड्याचा घाम न पुसता त्याला नुसतंच खुंट्याला अडकवलं, की ती त्याची अशी हजेरी घ्यायची की घोडासुद्धा कान पाडून उभा राहायचा. पण तो राग दुधाच्या उतासारखा होता. वर यायचा, चुलीतलं लाकूड ओढलं की बसायचा. जो राग उतूही जात नाही आणि बसतही नाही, तो तिला सोरेवाल्यांनी दिला.

बंदुकीची दारू तीन जिन्नसांची. कोळसा कुणीही घरी जाळून करील. गंधक व्यापारी गाड्या भरून आणायचे. राहिला सोरा. दारूत सगळ्यात जास्त तोच, चार भागांतले तीन. कोळसा आणि गंधक जळतात खरे, पण जळायला जी हवा लागते ती सोऱ्याच्या पोटात असते, म्हणून तर तोफेच्या बंद नळीतही दारू भडकते. आणि हा सोरा त्या मुलखातल्या कुठल्या खाणीत मिळत नव्हता. जिथे वर्षानुवर्षं जनावरं मुतली, शेण पडलं आणि वर छप्पर असल्यामुळे पावसानं धुऊन नेलं नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत तो आपसूक धरायचा. ओलसर भिंतीला लोणा चढतो ना, तसा. राजाची लढाई चालू होती. कधी नव्हती म्हणा! तेव्हा हुकूम सुटला होता की सोरेवाल्यांनी कुणाच्याही पागेत, गोठ्यात, तळघरात, वेळ पडली तर राहत्या खोलीतही शिरावं आणि माती उकरून न्यावी. अडवणाऱ्याला कैद.

सोरेवाल्यांचा मुकादम लांबोडका, वाकलेला माणूस होता. राखेच्या पाण्यात काम करून करून त्याची बोटं सोललेली असत. पहिल्यांदा आला तेव्हा तो पागेत बसकण मारून बसला, चिमूटभर माती उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. पागावाली बघतच राहिली.

"गार लागतेय, सोरा आहे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "खणा."

त्यांनी पागा गुडघाभर खणली. खांबाच्या बुडाची मातीसुद्धा सोडली नाही. वर तिचंच सरपण कढईखाली घातलं, तिच्याच चुलीतली राख नेली आणि माती वाहायला तिच्याच मुलाची गाडी जुंपली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तशातली गत. बरं, निघताना खड्डे बुजवायचं नाव नाही. दुसऱ्याच दिवशी एका वाटसरूच्या घोडीचा पाय खड्ड्यात गेला आणि मोडला. तो माणूस पागावालीच्या नावानं शंख करत गेला.

"अहो, निदान बुजवून तरी जायचं होतं!" तिनं पुढच्या खेपेला मुकादमाला सुनावलं.

"बाई, उकरायचा हुकूम आहे. बुजवायचा नाही," तो म्हणाला. थट्टा करत नव्हता, हेच वाईट.

त्या पुढच्या खेपेचीच ही गोष्ट. तिचा नवरा तेव्हा आजारी होता. छातीत पाणी झालेलं, उठवत नव्हतं. पागेच्या कडेच्या खोलीत, शेगडीजवळ त्याची खाट होती. ती खोली सासऱ्यांच्या वेळी गोठा होती, हे मुकादमाला कुणीतरी सांगितलं असावं. तो दारात आला, वास घेतला, भिंतीवरून बोट फिरवलं.

"इथे जुनी माती आहे. चांगली मुरलेली."

"इथे माणूस आहे," पागावाली म्हणाली. "तोही मुरलेलाच आहे. दिसत नाही का?"

"खाट उचलून बाहेर ठेवू. दोन दिवसांचं काम."

तिनं दारात फावडं आडवं धरलं. मुलानं तिचा हात धरला, सुनेनं डोळ्यांना पदर लावला आणि चार जणांनी मिळून खाट उचलली. मुकादमानं स्वतः एक पाय धरला होता, धक्का लागू नये म्हणून अगदी जपून. नवऱ्याला गाड्यांच्या छपराखाली ठेवलं. तिथे तिन्ही बाजूंनी वारा. घरातली सगळी पांघरुणं त्याच्यावर घातली तरी त्याचे दात वाजत होते. "आपल्याच घरात पाहुणा झालो गं," तो तिला म्हणाला आणि हसायला गेला तर खोकला लागला. खोलीतली माती अजून निघतच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. प्रेत घरात न्यायलाही जमीन उरली नव्हती, आत नुसता खड्डा होता.

पागावाली रडली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, ती तिथेच राहिली. नेसत्या वस्त्रानिशी ती अंमलदाराच्या कचेरीत गेली. अंमलदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे," तो म्हणाला. "पण तोफा रिकाम्या ठेवून कसं चालेल? राज्याचं रक्षण तुमच्यासाठीच तर करतोय."

"माझं रक्षण करायला माझ्या नवऱ्याला वाऱ्यावर टाकलात?"

"आजारी होतेच ते."

"आजारी होते, मेले नव्हते! आणि ऐकून घ्या साहेब, तुमच्या राजाचा सगळा दरारा आमच्या घोड्यांच्या मुतावर उभा आहे. ज्याच्या जोरावर उड्या मारता, त्याची थोडी तरी लाज धरा."

शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ते वाक्य मात्र तिच्या आधी बाजारात पोचलं. लोक हसले, एकमेकांना सांगत सुटले. तिला त्या हसण्याचाही राग आला. हसायला सगळे, फावडं धरायला एकटीच!

माती वाहून नेण्यापेक्षा जागेवर उकळलेली बरी म्हणून सोरेवाल्यांनी या खेपेला कढया तिच्याच अंगणात मांडल्या होत्या. नवऱ्याचं सुतक ताजं आणि अंगणात ही उठाठेव. उग्र वासानं डोळे चुरचुरायचे. पिंपात माती भरून वरून पाणी सोडायचं, खालून झिरपलेलं तांबूस पाणी राखेतून काढायचं, मग आटवायचं. पागावाली उंबऱ्यावर बसून दात-ओठ खात बघत राही. मुकादमाला ती नजर सोसवेना. माणूस अवघडला की बडबडतो, तसा तो बडबडू लागला. हे खाली बसतं ते साधं मीठ, ते आधी काढून टाकायचं. उरलेलं निवलं की सोऱ्याचे लांब लांब पांढरे खडे धरतात, काड्यांसारखे. एक खडा त्यानं निखाऱ्यावर टाकला. निखारा फुरफुरून पांढराफेक पेटला.

"बघा, आहे की नाही जादू?"

"मला जादू नको. एवढं सांग, आता ही माती पुन्हा कधी पिकणार?"

"काही वर्षांनी. मोकळी माती, छप्पर, खेळती हवा आणि जनावराचं पाणी मुरलं की झालं."

"आणि नाही मुरलं तर?"

"मग काय! फरशीखाली सोरा धरत नाही. म्हणून तर पागेत फरशी घालायला बंदी..." तो मध्येच थांबला. पण बाण सुटला होता.

सोरेवाले गेले तसा तिनं पाथरवटाला निरोप धाडला. तो आला, ऐकलं आणि दोन पावलं मागे सरला.

"अंगणात हवी तेवढी घालतो. पागेत नको. मला पोरंबाळं आहेत."

"तुझं तळघर उकरलं तेव्हा भिंत खचली ना? कुणी येऊन लिंपून दिली?"

पाथरवट तसाच परत गेला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीतून फरशा उतरू लागल्या.

मुलगा हादरला. "आई, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

"मी पाण्यात कुठे राहते? मुतात राहते. आणि ते तरी माझं आहे की नाही, एवढंच विचारायचंय मला."

"बाबा परत येणार आहेत का यानं?"

हे मात्र तिला लागलं. क्षणभर तिचा हात उठला, मग तिनं तो खाली घेतला. "नाही येणार," ती म्हणाली. "म्हणून तर घालायची. येणार असते तर मी गप्प बसले असते."

पाथरवटानं काम चोख केलं. फरशीला दाराकडे हलकासा उतार दिला, सांधे चुन्यानं गच्च भरले, कडेनं पन्हळ काढली. घोड्यांनी सोडलेलं सगळं पाणी आता पन्हळीतून थेट रस्त्याच्या गटारात जाऊ लागलं. मातीला थेंब मिळेना. पहिल्या दिवशी ते वाहताना बघून तिला जे समाधान झालं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. वरून पसरायला गवत होतंच. कळणार कुणाला?

पण घोड्यांना कुठे लपवाछपवी येते? टापा खणखण वाजायच्या. मुकादम पुढच्या फेरीला आला आणि पागेच्या दारातच त्याचा चेहरा उतरला. त्यानं पायानं गवत सारलं.

"बाई, हे काय केलंत! अहो, आता मलाच धरतील. माझ्या हद्दीत घातलीत तुम्ही!"

"मग उचल खाट!" ती किंचाळली. "उचल की! या खेपेला कुणाला बाहेर ठेवतोस?"

तो वळला. मान खाली घालून थेट कचेरीत गेला आणि कळवून आला. भित्रा माणूस दुष्ट माणसापेक्षा जास्त नुकसान करतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

अंमलदार स्वतः आला. फरशी फोडली, पाथरवटाला फटके बसले आणि पागावालीला कैद झाली. कैदेत तिला पोती शिवायला बसवलं, तिथेही तिनं पहारेकऱ्यांना नको करून सोडलं. पागा मुलानं आणि सुनेनं चालवली. सुटून आली ती अंगानं निम्मी होऊन. मुलाला वाटलं, आता आई निवली असेल. तिनं हात-पाय धुतले आणि विचारलं, "पाथरवट बरा आहे का?"

"बरा आहे. पण आई, तो आता..."

"त्याला बोलावू नकोस. मी जाते. त्याच्या पाठीची माफी मला मागायला हवी, फरशीची नाही."

ती गेली, तेव्हा पाथरवट तेल्याच्या गोठ्यात फरशी घालत होता. तेल्याच्या शेजाऱ्यानंही त्याला सांगून ठेवलं होतं. पाठीवरचे वळ अजून दिसत होते. तिला बघून तो एवढंच म्हणाला, "फटके तर खाल्लेच आहेत. आता फुकट कशाला घालवायचे?" पागावालीच्या डोळ्यांत पाणी आलं, बहुतेक नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. तिला त्या पाण्याचाही राग आला.

मग बराच काळ हेच चाललं. कचेरी फोडायची, गाव घालायचं. एका गल्लीत शिपाई गेले की दुसऱ्या गल्लीत चुना कालवलेला असे. पागावाली आणखी एकदा कैदेत जाऊन आली.

आणि एक दिवस दवंडी आली. महाराजांनी प्रजेवर दया करून घरं उकरण्याचा हुकूम मागे घेतला आहे हो! बाजारात लोकांनी टोप्या उडवल्या. तेल्यानं पागावालीला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. ती तशीच गर्दीतून दवंडीवाल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दया कसली? खरं सांग, का थांबवलं?"

"मला काय माहीत बाई? मी नुसता ओरडतो."

बाजूला मुकादम उभा होता. त्याला माहीत होतं. "जहाजांतून सोरा येतोय," तो हळूच म्हणाला. "दूरच्या मुलखातून, पोत्यांनी. इथे उकरण्यापेक्षा स्वस्त पडतो." मग चाचरत म्हणाला, "माझं काम गेलं. घोड्यांची निगा मला जमते. तुमच्याकडे काही..."

"नाही," ती म्हणाली. तिनं आवाजही चढवला नाही. तो गेला, आणि तिनं त्याला हाक मारली नाही. पुढे तो कुठे गेला, कुणाला कळलं नाही.

लोक म्हणायचे, पागावाली जिंकली. ती म्हणायची, "कसली जिंकले! लाज वाटून ते थांबले असते तर मी जिंकले असते. त्यांना स्वस्त मिळालं, म्हणून थांबले."

तिचे केस पिकले, मुलगा पागेचा कारभार बघू लागला, तरी पागेत पुन्हा घातलेली फरशी ती रोज स्वतः धुवायची. बंदराकडून दारूच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या आता तिच्याच पागेत थांबायच्या. एकदा एका गाडीवानाच्या पोत्याची शिवण उसवून पांढरे खडे अंगणात सांडले. तो भरू लागला, तशी ती हातातला झाडू घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"हा कुठून येतो रे?"

"समुद्रापलीकडून."

"ते कळलं. तिथे कुणाच्या घरातून येतो?"

गाडीवान हसला. "आजी, घरातून कशाला? तिकडे म्हणे जमिनीतून असाच निघतो, ढिगानं."

"असाच कुठे निघत नसतो," ती ओरडली. माडीवरचे वाटसरू खिडकीत आले. "कुणाची जनावरं, कुणाची माती, कुणाचं तरी अंगण असणारच! विचारलंस कधी? विचार की त्या जहाजवाल्याला!"

"विचारीन," तो घाईघाईनं पोतं शिवत म्हणाला.

तो विचारणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याच्या घोड्याला पाणी दाखवलं, चारा टाकला, आणि त्याला स्वतःला मात्र त्या दिवशी माडीवर जागा दिली नाही.