अंगठ्याचा उपास

गिरजाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. साकोलीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते, आणि त्या दिवशी फळ्यावर नेमकं 'सामाजिक सुरक्षा' असं लिहून ठेवलं होतं. फोनवर मनोहरदादा होता, आत्याचा मुलगा, नागपूरहून. "शेजारच्या कौसाकाकूचा फोन आलता. आई उठलीच नाही म्हणते सकाळी... तू जवळ आहे, तू पोच." मी डस्टर ठेवलं, मुलांना सोडलं आणि सानगडीची बस धरली. रस्ताभर रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी हायसंच वाटलं. बाई आपल्या घरात गेली, नागपूरच्या फ्लॅटमध्ये नाही. तिला तेवढंच हवं होतं. आणि तेवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दोघींनी दरवर्षी जी झटापट केली, तिचा थकवा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आत्या बिड्या वळायची. लग्न होऊन सानगडीला आली तेव्हापासून तिच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूचा पत्ता म्हणजे बिडीची पानं, जर्दा आणि दोऱ्याची रीळ. आम्ही भाचरं सुट्टीत तिच्याकडे जायचो, तेव्हा ती आमच्याशी बोलायची, ओरडायची, हसायची, पण हात कधी थांबलेले मी पाहिले नाहीत. पुढे कारखाना बंद पडला, ती ठेकेदाराकडून पत्ता आणून घरी वळू लागली. कारखान्यातल्या वर्षांची मात्र तिला पेन्शन लागली. पेन्शन कसली, गॅस आला आणि विजेचं बिल भरलं की संपली. पण ती तिच्या स्वतःच्या नावावर यायची. आतोबा गेल्यानंतर मनोहरदादा दर सणाला तिला घेऊन जायला यायचा. "एकटी कायले राहते व आई?" तो विचारायचा, आणि आत्या म्हणायची, "माही पेन्शन येते ना. कोणाच्या जिवावर बसली नाही मी." दादा वाईट नाही, काळजीनेच बोलायचा. शेवटी मायलेकांचं ठरलं ते असं, की पेन्शन चालू आहे तोवर तिने सानगडीला राहायचं, बंद पडली की मुकाट्याने नागपूरची गाडी धरायची.

आणि पेन्शन चालू राहणं अडायचं ते तिच्या अंगठ्यापाशी. दिवाळी झाली की पेन्शनवाल्याने आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. सेतू केंद्रात जायचं, यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवायचा, ठसा जुळला की तुम्ही जिवंत. आता जन्मभर पत्ता वळलेल्या आणि राखेने भांडी घासलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा राहणार कुठून? आत्याचा अंगठा वैनगंगेतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. गल्लीतल्या इतर बायकांचंही तेच. तर या बायकांनी स्वतःच एक उपाय शोधून काढला होता... अंगठ्याचा उपास. भाऊबीज उरकली की सूप भिंतीला उभं करायचं. भांडी सुनांनी, शेजारणींनी घासायची. विळ्याला हात लावायचा नाही, आणि हे ऐन धान कापणीच्या दिवसांत, जेव्हा शिवारात माणूस मिळत नाही आणि मजुरी चांगली मिळते. काही दिवस असे काढले की कातडीवर रेषा परत उगवतात, असा त्यांचा अनुभव. दुपारी सगळ्याजणी आत्याच्या ओसरीवर जमायच्या आणि अंगठ्यांना जवसाचं तेल चोळत बसायच्या. पण रिकामे हात ठेवायची कुणाला सवय? बोलता बोलता बोटं हवेतच पत्ता वळायला लागायची, एकीचं पाहून दुसरीची. आत्या खांबाला टेकून सगळ्यांवर नजर ठेवायची. "हात गुमान ठेवा वो!" ती ओरडली की सगळ्याजणी शाळेतल्या पोरींसारखे हात मांडीवर उताणे ठेवायच्या.

त्या दिवसांत मी रविवारी जायचे. मग मला फर्माईश व्हायची, दुसऱ्या देशातलं सांग. मी सांगितलं, फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय वाढवलं म्हणून लोक रस्त्यावर उतरले. शेजारची कौसाबाई हळहळली, "बिचारे. आनं आपल्याले कोणी विचारलं का, कवा बसता म्हणून?" जपानमध्ये म्हातारी माणसं फार आणि तरुण थोडे, म्हणून म्हातारेही कामाला जातात, असं मी सांगितलं, तर आत्याला तो देश पसंत पडला. चिली नावाच्या देशाने ज्याची त्याची पेन्शन ज्याच्या त्याच्या खात्यात आणि बाजाराच्या भरवशावर सोडली, आणि पुढे लोकांचं भागेना तेव्हा सरकारला पुन्हा हात लावावा लागला, हे सांगताना मात्र माझा आवाज जरा चढला असणार, कारण माझीही पेन्शन तशीच बाजारावर सोडलेली आहे. मी जुन्या पेन्शनच्या मुदतीनंतर नोकरीला लागलेली. आम्हीही मोर्चे काढले, संप केला, भंडाऱ्याला उन्हात बसलो. जुनी योजना, नवी योजना, आता आणखी एक... स्टाफरूममध्ये लोक कागद मांडून हिशेब करत बसतात, आणि मला आता त्यातलं काही ऐकावंसंही वाटत नाही. न्यूझीलंडमध्ये म्हातारं झालं की बहुतेक सगळ्यांनाच पेन्शन मिळते, काय काम केलं ते विचारत नाहीत, हेही सांगितलं. मग आत्याने विचारलं, "तिथं अंगठा लावा लागते का?"

मागच्या वर्षी आत्याचा अंगठा कबूलच झाला नाही. उपास नीट झाला होता, तेल लावलं होतं, तरी यंत्राचा दिवा लालच. सेतूवाला भला माणूस, त्याने दहाही बोटं लावून पाहिली आणि म्हणाला, "आजी, ठसाच नाही राह्यला." आत्या घरी आली आणि ट्रंक काढून लुगड्यांच्या घड्या करायला बसली. मला ते पाहवेना. मग मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला मिळतो, म्हणून मी तिला ओसरीवर उजेडात बसवलं आणि मोबाईल समोर धरला. तर तिने पदर पार नाकापर्यंत ओढला. "साहेब पाहून राह्यला ना तिकडून!" साहेब नाही, यंत्र आहे, हे पटवण्यात दुपार गेली. पदर मागे सरकला तर मोबाईल म्हणे डोळे मिचकावा, आणि आत्या टक लावून पाहतेय, पापणी हलवत नाही. मी काकुळतीला आले. "आत्या, मिचकाव ना डोळे." "या वयात कोणाले डोळा मारू व माय?" ती म्हणाली, कौसाबाई फिसकन हसली, आत्यालाही हसू फुटलं आणि त्या हसण्यात डोळे मिटून उघडले. दाखला झाला. आत्याने उठून लुगडी परत खुंटीवर टाकली. मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा हेच, एवढंच मनात आलं.

पुढचं वर्ष आलं, आणि दिवाळीच्या आधीच आत्या गेली. तेरवी झाल्यावर मनोहरदादाने किल्ली माझ्याकडे दिली. "घराचं पाहू मंग," म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. मी भाऊबीजेनंतरच्या रविवारी खिडक्या उघडायला म्हणून गेले, तर कौसाबाई आणि बाकीच्या दारातच उभ्या, हातात तेलाची वाटी. चेहऱ्याने दाखला होतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्यांचा भरवसा अंगठ्यावरच. "उघड व माय," कौसाबाई म्हणाली, "उपास लागला आमचा."

मी दार उघडलं. आत्याचं सूप तसंच भिंतीला उभं होतं, जर्द्याचा वास अजून होता. बायका आपापल्या जागी बसल्या. खांबाजवळची जागा कुणी घेतली नाही, मीही नाही. तेल चोळून झालं. मग कौसाबाईने विचारलं, तो कोणता देश वो, सगळ्याइले देते तो? मी पुन्हा न्यूझीलंडचं सांगायला लागले. सांगता सांगता पाहिलं, तर एकीची बोटं हलू लागली होती. मग दुसरीची. मग सगळ्यांचीच, हवेत पत्ता वळत होती. मी बोलायची थांबले. आम्ही सगळ्याच वाट पाहत होतो... आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "हात गुमान ठेवा वो!"

हात थांबले. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे. कौसाबाईने दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले.

"ठेवले वो गिरजाबाई," ती म्हणाली.