पडदा बंद करून शोधा

करुणाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयातच होतो. "सर, ताई गेली..." एवढंच बोलला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली पोरगी, परत आलीच नाही. महिना झाला, पण माझा राग अजून जात नाही.

शहापूरची करुणा पवनीच्या आमच्या कॉलेजात एम.ए. करायला आली. जन्मांध. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर तिने ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर माझ्या मागे लागून टाकून घेतलं. त्याच वर्षी मी आमच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका चढवल्या होत्या. एकेक पान स्कॅन केलेलं, म्हणजे पानाचा फोटोच, कोपऱ्यात ग्रंथालयाचा गोल शिक्का! भारी कौतुक होतं मला त्याचं. दुसऱ्याच दिवशी करुणाबाई टेबलापाशी हजर. "सर, एक बी पेपर बोलत नाही. नुसतं 'चित्र, चित्र' म्हणून राहिलं."

मी वैतागलो. "काहून वो, मैत्रीण वाचून देते ना तुले?"

"देते ना. तिले टाइम भेटला तं देते. पण परीक्षा माझी आहे सर. मले पाहिजे तवा वाचता आलं पाहिजे."

मग तिने चाचपडत माझ्या मॉनिटरचं बटण शोधलं, पडदा बंद केला, माउस बाजूला सारला. "आता नुसतं ऐकून वेबसाइटवर एक पुस्तक शोधून दाखवा." वीस वर्षांची ग्रंथपालाची नोकरी माझी... आणि कानात नुसतं "बटण, बटण, बटण". कशाचं बटण, काही पत्ता नाही. लाज वाटली, सरळ सांगतो. तिने कपाळाची टिकली काढून मॉनिटरच्या बटणावर चिकटवली. "पुढच्या खेपेले शोधायले नको."

दिवाळीच्या सुट्टीत मी प्रश्नपत्रिका टाइप करत बसलो. ती ऐकून चुका काढायची. "सर, तिसरा प्रश्न खाल्ला तुम्ही!" अभ्यास तिने स्वतः वाचून केला, पास झाली, साकोलीला शिक्षिका झाली. तरी दर शनिवारी अकराला तिचा फोन यायचाच. "पडदा बंद करून पाह्यला का सर?" कधी कधी मी चिडायचो. पण बघायचो.

गेल्या आठवड्यात कंत्राटदाराने नवी वेबसाइट करून दिली. एकदम चकाचक, पण पडदा बंद केला की मुकी. प्राचार्य म्हणाले, "काम झालं म्हणून करा सही. ते वाचून दाखवणं आता कोणासाठी? ती तर गेली बिचारी." माझं डोकंच फिरलं. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, माउस काढून घेतला, पडदा बंद केला. "शोधा सर, एक पुस्तक."

पाच मिनिटांनी ते उठले. सही मी केली नाही. वेबसाइट दुरुस्तीला परत गेली आहे, आणि नीट होईस्तोवर परत जात राहील.

शनिवारी अकराला आता फोन वाजत नाही. टिकलीचा गोंद केव्हाच वाळला, दोनदा मी डिंकाने चिकटवली. डोळसाला तिची गरज नाही. पण ते बटण मी डोळे मिटूनच शोधतो.