काही जणांना चालत नाही

ताईंनी माझ्या ट्रॉलीतलं ज्वारीचं पीठ उचललं आणि परत फळीवर ठेवलं.

"धपाटे नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेपर प्लेट्स आणा."

दोहातल्या अल मन्सूरा भागातली ग्रोसरी. डाळी-पिठांची रांग. पलीकडे एक फिलिपिनो बाई नूडल्सची पाकिटं निवडत होती. माझी अकरा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी उभी. मला आधी वाटलं, धपाटे दुसरं कुणी करत असेल.

"का हो ताई? शुक्रवारच्या जेवणासाठी ग्रुपवर माझ्या नावापुढे धपाटेच लिहिलेत."

त्यांनी आवाज खाली आणला. "माझं काही नाही हो. मी तसलं मानत नाही. पण सासूबाई आल्यात पुण्याहून. आणि अजूनही काही जणांना चालत नाही. तुम्ही समजून घ्याल."

मी समजले. लगेच. असलं समजायला आम्हाला वेळ लागत नाही.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या साहेबांची बायको. ओल्ड एअरपोर्ट भागात त्यांचा व्हिला. अधूनमधून शुक्रवारी दहा-बारा मराठी घरं तिथे जेवायला जमतात. प्रत्येकीने एक पदार्थ न्यायचा. आम्ही दोहात नवे, त्या शुक्रवारी पहिल्यांदाच जाणार होतो. आदल्या आठवड्यात फोनवर ताईंनी सहज विचारलं होतं, तुमचं कुलदैवत कुठलं? मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या होत्या.

मी इथल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे. त्याच्याही आधी एकदा याच ताईंचं रक्त मी काढलं होतं. शीर सापडत नव्हती. मी बोटांनी चाचपून शोधली. "हात किती हलका आहे तुमचा," म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

आणि मी काय केलं? पेपर प्लेट्स घेतल्या. मुकाट्याने.

गाडीत मुलीने विचारलं, "आई, व्हाय कान्ट यू कुक?"

"तसंच ठरलंय," मी म्हणाले.

खोटं बोलले. पोटच्या पोरीशी.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "प्लेट्स ने अन् गप बस. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. साहेबांची सही लागते. नोकरी गेली की इथलं सगळं खलास." तो वाईट माणूस नाही. भ्यालेला आहे. मीही होते.

मी परभणीकडच्या खेड्यातली. सातवीत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळ्या पोरी पुऱ्या लाटत बसल्या होत्या. मीही लाटणं घेतलं. बाईंनी ते हातातून काढून घेतलं. "तू अंगण झाड." मी झाडलं. घरी येऊन मायला फुशारकीने सांगितलं, अख्खं अंगण मी एकटीने झाडलं. माय माझी वेणी घालत राहिली.

तिला सगळं कळलं होतं. तिने मला कळू दिलं नाही. आणि इतकी वर्षं शिकून, नोकरी करून, देश ओलांडून मी माझ्या पोरीशी तेच केलं होतं. हे डोक्यात आलं आणि दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच ग्रोसरीत गेले. पोरीला मुद्दाम नेलं. दुसऱ्या दिवशी जेवण, म्हणजे ताई भाजीला येणारच. आल्या होत्या. बरोबर ग्रुपमधल्या दोघी. भेंडी निवडत होत्या.

"ताई, काही जणांना माझ्या हातचं चालत नाही म्हणालात. ते काही जण कोण?"

"अहो, इथे नको. दुकान आहे हे."

"तुम्ही दुकानातच सांगितलंत."

मी पोरीचा हात धरला.

"आम्ही पूर्वाश्रमीचे महार. म्हणून चालत नाही ना? मग तसं म्हणा. सासूबाईंच्या आड लपू नका."

दोघी भेंडीची टोकं मोडून बघत राहिल्या. एकीनेही मान वर केली नाही. काउंटरवरचा मल्याळी दुकानदार बिल करता करता थांबला.

"तुम्ही उगाच इश्यू करताय," ताई म्हणाल्या. "साहेबांना हे आवडणार नाही."

"त्यांनाही सांगा. उद्या मी येत नाही. का येत नाही, ते ग्रुपवर मीच लिहिते."

तिथेच उभं राहून लिहिलं. चार ओळी. घरी पोचेपर्यंत ग्रुपमधून मला काढलेलं होतं.

पोरीला सगळं सांगितलं. अंगण, माय, जात. काही लपवलं नाही. ताईंची मुलगी तिच्याच वर्गात आहे.

"विल दे नो इन स्कूल?"

"हो," मी म्हणाले. "कळेल."

ती रडली. मी तिला गप्प केलं नाही.

याला तीन आठवडे झाले. नवरा माझ्याशी धड बोलत नाही. त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झालेली नाही. कदाचित होणारही नाही. मग बॅगा भरू. जाऊ.

पण ताईंना माफीचा फोन मी करणार नाही. नवऱ्याने हात जोडले तरी नाही. कुणी कुलदैवत विचारलं, तर जात विचारताय का, असं तोंडावर विचारीन. आणि ज्या घरात माझ्या हातचं चालत नाही, त्या घराची पायरी मी चढणार नाही. माझी पोरही नाही.